इंजिन उघडण्याआधी

मुंबईत कॉम्प्रेशन गेजवर १२० पौंड दाखवणारी जुनी बुलेट टेम्पोत घालून पाचगणीला आणली आणि तोच गेज पुन्हा लावला, तर काटा १०३च्या आसपास थांबेल. वाटेत वाईला थांबून मोजलं असतं, तर ११० भरले असते. गाडी तीच, रिंगा त्याच, किक मारणारा पायही तोच. फरक पडतो तो हवेचा. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत साडेचौदा टक्क्यांच्या घरात कमी भरतो. सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच विरळ असेल, तर पिस्टनने ती कितीही दाबली तरी आकडा कमीच येणार.

हा साधा हिशेब सुटला की चांगल्या इंजिनाचा घात होतो. मॅन्युअलमध्ये छापलेला आकडा समोर ठेवायचा, गेजवरचा आकडा त्याहून कमी दिसला की ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर मारावा लागेल’ असं सांगायचं आणि बॅरल लेथवर पाठवायचं. तिथे लोखंडाचा एक थर कायमचा निघून जातो. तो परत चढवता येत नाही. जुनी मोटारसायकल नव्याने उभी करताना रंग, क्रोम, सीट, टाकीवरच्या सोनेरी रेघा यांचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण गाडी खरोखर वाचते की नाही, हे इंजिन उघडण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत ठरतं. त्या दिवसांत काय पाहिलं, काय मोजलं आणि काय लिहून ठेवलं, त्यावर पुढचा सगळा खर्च आणि गाडीचं उरलेलं आयुष्य अवलंबून असतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जुन्या गाड्या सहजासहजी भंगारात जात नाहीत. आजोबांची बुलेट, काकांची येझ्दी, दूध घालायला घेतलेली राजदूत पडवीत किंवा गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते आणि नातवाला नोकरी लागली की तिचे दिवस पालटतात. या गाड्यांची कुळं ठरावीक आहेत. भारतीय लष्कराने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या, त्यातूनच पुढे १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफील्ड यांच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया उभी राहिली. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक आणि ओतीव लोखंडाचं बॅरल असलेलं हे इंजिन थोड्याफार फेरफारांसह या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत राहिलं. म्हैसूरमध्ये रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून झेक बनावटीची जावा भारतात बनवायला घेतली. १९७३ पासून ती येझ्दी नावाने विकली जाऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत, १९८३ची दोन सिलिंडरची आरडी ३५०, १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १०० हीदेखील याच गोतावळ्यातली. खुद्द साताऱ्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. त्यामुळे दुचाकीच्या इंजिनात हात घातलेली माणसं या जिल्ह्यात घरोघरी सापडतात.

पाचगणीत उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर धुकं दारातून घरात शिरतं, भिंती ओल धरतात आणि उघड्या लोखंडावर चार दिवसांत तांबूस पूड दिसू लागते. इंजिन बंद करताना त्यातला एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर ही दमट हवा सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून थेट सिलिंडरमध्ये जाते. मग रिंगा जिथे थांबलेल्या असतात, नेमक्या तिथेच बोअरवर गंजाचं कडं धरतं. म्हणून जाणती माणसं गाडी दीर्घकाळ उभी करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवतात. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी हाती आली की उत्साहाच्या भरात पहिली गोष्ट होते ती म्हणजे किक मारणं. नेमकं तेच टाळायला हवं. गंजलेल्या बोअरमध्ये चिकटलेल्या रिंगा जोर लावल्यावर तुटतात आणि तुटलेली कड बोअरवर उभी चीर पाडते. आधी प्लग काढावा, त्या भोकातून थोडं ऑइल आणि डिझेल सोडावं आणि दोन-चार दिवस गाडीला हात लावू नये. त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने मागेपुढे हलवून पाहावं. चाकाचा जोर इंजिनापर्यंत हळुवार पोहोचतो आणि अडलेलं काय आहे ते हाताला कळतं. हल्ली मोबाइलला जोडता येणारा बारीक नळीचा कॅमेरा स्वस्तात मिळतो. प्लगच्या भोकातून तो आत सोडला, की पिस्टनचं डोकं, बोअरची भिंत आणि तिच्यावरचे ओरखडे पडद्यावर दिसतात. अजून एकही नट उघडलेला नसतो.

मग पाळी ऑइलची. काळं झालेलं ऑइल फेकून देण्याची घाई करू नये, ते स्वच्छ भांड्यात काढून पांढऱ्या फडक्यातून गाळावं. फडक्यावर उरणारा गाळ बरंच काही सांगतो. करड्या रंगाचा मऊ लेप ही नेहमीची झीज. पिवळसर चकाकणारी कणी दिसली, तर कुठलं तरी पितळी बुश खाल्लं जातंय. चुंबकाला न चिकटणारे रुपेरी पापुद्रे पिस्टनचे असतात. चुंबकाला झटकन चिकटणारे टणक तुकडे मिळाले, तर बेअरिंग किंवा गिअरचा दात गेलेला आहे आणि इंजिन पूर्ण उघडण्याला पर्याय नाही. ऑइल दुधाळ निघालं तर त्यात पाणी शिरलंय, आणि पाचगणीत हे वरचेवर दिसतं.

बुलेटच्या बाबतीत इथेच एक फसगत होते. तिच्या इंजिनाच्या पोटातच ऑइलची टाकी असते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की ते ऑइल पंपातून झिरपत क्रँकपाशी साचतं. अशी गाडी सुरू केली की सुरुवातीला निळ्या धुराचा लोट निघतो आणि पाहणारा लगेच म्हणतो, ‘रिंगा गेल्या.’ खरं तर साचलेलं ऑइल जळून गेल्यावर, पाच-दहा मिनिटांनी काय दिसतं, ते महत्त्वाचं. पहिल्या मिनिटाच्या धुरावरून इंजिनाचा निकाल लावणं अन्यायाचं आहे.

इंजिन फिरतंय आणि सुरूही होतंय असं दिसलं की कॉम्प्रेशन मोजायचं. गेज लावण्याआधी पायाने मिळणारा अंदाज घ्यावा. किक हळूच दाबत कॉम्प्रेशनवर आणायची आणि तिच्यावर अंगाचा भार टाकून उभं राहायचं. चांगलं इंजिन माणसाला काही क्षण तोलून धरतं, मग किक सावकाश खाली जाते. किक मऊ लागली, लोण्यात बसावी तशी बसली, तर हवा कुठून तरी निसटतेय. ती कुठून निसटतेय, हे मात्र पायाला कळत नाही.

गेज लावतानाचे नियम थोडे आहेत, पण त्यातला एक चुकला तरी आकडा खोटा येतो. इंजिन गरम हवं. कार्बोरेटर पूर्ण उघडा हवा, म्हणजे ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळून धरायचा. हे विसरणारे पुष्कळ असतात आणि बंद कार्बोरेटरमुळे आत हवाच पुरेशी न गेल्याने आकडा उगाच पडतो. काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारत राहायची. बुलेटला हेडवर डीकॉम्प्रेसर असतो. त्याची तार ताणलेली राहिली किंवा त्याची सीट खराब झाली, तर तिथूनच हवा गळते आणि दोष रिंगांच्या माथी बसतो.

आता चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून सोडून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवती बसून तिथली फट तात्पुरती बुजवतं. आकडा चांगला वर गेला, तर दोष रिंगा किंवा बोअरमध्ये. आकडा जिथल्या तिथे राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये. ही युक्ती फोर-स्ट्रोक इंजिनालाच उपयोगी पडते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये ऑइल आधीच असतं, त्यामुळे तिथे तिच्यावर फार विसंबू नये.

आणि येणारा आकडा जागेसह लिहून ठेवायचा. ‘पाचगणी, गरम इंजिन, कार्बोरेटर पूर्ण उघडा, १०३’ अशी वहीतली एक ओळ छापील तक्त्यापेक्षा जास्त कामाची असते, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी ९० आले तर झीज झाली हे निश्चित समजतं. आरडी ३५०वाल्यांचं या बाबतीत बरं आहे. दोन सिलिंडर एकाच हवेत शेजारी-शेजारी मोजले जातात, त्यामुळे उंचीचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत दिसली, तर कमी आकड्याच्या सिलिंडरकडे वळायचं. एका सिलिंडरच्या बुलेटला असा शेजारी नाही. तिची तुलना तिच्या स्वतःच्या जुन्या नोंदीशीच होऊ शकते.

हवा निसटतेय हे कळलं, तरी कुठून ते शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. एखादा जुना प्लग घ्यायचा, त्याचं पांढरं पोर्सलीन फोडून काढायचं आणि उरलेल्या लोखंडी बुडाला हवेची नळी बसेल असा निपल जोडून घ्यायचा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी टोकावर आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगायचा. नाहीतर हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. मग थोडी-थोडी हवा सोडत कान लावायचा. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह बसत नाहीये. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या झाकणातून किंवा ब्रीदरमधून आली तर हवा रिंगांच्या बाजूने खाली जातेय. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे उठले तर पॅकिंग. थोडीफार फुसफुस निरोगी इंजिनातही खालच्या बाजूने येतेच, कारण रिंगांना तोंड असतं आणि ते कधी पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हमधून मात्र आवाज यायला नको. व्हॉल्व्ह गळतोय असं कळलं तर हेड काढून व्हॉल्व्ह घासून बसवणं एवढंच काम निघतं. बॅरलला हात लावायची गरज पडत नाही. केवढा फरक!

चालत्या गाडीची परीक्षा घ्यायला पाचगणीकरांच्या दाराशीच जागा आहे. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरच्या वाटेत सुमारे सहाशे मीटर उंची चढवतो. पायथ्याला शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव, वळणावळणावरून दिसणारं धोम धरणाचं पाणी आणि इंजिनावर सतत ताण. घाट चढताना, इंजिन जोर लावत असताना निळा धूर निघत असेल, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर जातो. चढताना धूर नाही, पण उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून बरंच अंतर उतरल्यावर पुन्हा पिळताच निळा झोत येतो, तर गोष्ट वेगळी आहे. उतरताना सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. एकाच रस्त्यावर, जाता-येता दोन वेगळ्या आजारांची ओळख पटते.

काळा धूर हा आणखी निराळा प्रकार. मुंबई-पुण्याच्या हवेला जुळवलेला कार्बोरेटर पाचगणीच्या विरळ हवेत तेवढंच पेट्रोल सोडत राहतो, पण ते जाळायला पुरेशी हवा नसते. प्लग काजळतो, गाडी गुदमरते. हा आजार इंजिनाचा मुळीच नाही. जेट बदलून किंवा सुई खाली घेऊन तो बरा होतो. नुकत्याच वर आणलेल्या गाडीचा काळा प्लग पाहून इंजिन उघडायला घेणं म्हणजे हवेची शिक्षा पिस्टनला देणं.

आवाजांची भाषा शिकायला वेळ लागतो, तरी काही खुणा ठोकळमानाने सांगता येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरली, की आवाज कुठून येतो ते हुडकता येतं. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. थंड इंजिनात खडखड आणि गरम झाल्यावर ती कमी, तर पिस्टन बोअरमध्ये डुलतोय. जुन्या बुलेटमध्ये थोडी खडखड चालून जाते, तेवढ्यासाठी बोअर मारणं हा उतावळेपणा आहे. पोटातून येणारी जड ‘ठक ठक’, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना वाढणारी, ही मात्र कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची असते. ती ऐकू आली की गाडी तिथेच बंद करावी. आणखी दहा किलोमीटर चालवलं तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मूळ नंबरची क्रँककेस फुटली की जुन्या गाडीची अर्धी किंमत तिथेच संपते.

जावा, येझ्दी, राजदूत, आरएक्स या टू-स्ट्रोक गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा वेगळ्याच जागी असतं: क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी सीलमध्ये. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणं ही त्याच्या जगण्याची अट आहे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही सील कडक होऊन तडकतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळायला लागतं, पांढरट दाट धूर निघतो आणि गिअर ऑइल मात्र दर वेळी कमी भरतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो आणि एके दिवशी पिस्टन जाम होतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण जाम होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी उलट ‘मस्त पळते’ असं वाटतं.

सील तपासायची पद्धत सोपी आहे. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबराने घट्ट बंद करायचं आणि आत पाच-सहा पौंड हवा भरून काही मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. दाब टिकला तर सील आणि सांधे शाबूत. घसरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधायची. काही हौशी मंडळी यासाठी जुन्या बीपी यंत्राचा रबरी फुगा वापरतात, आणि ते अगदी योग्य आहे. त्याच्या तबकडीवरचे ३०० म्हणजे जवळजवळ पावणेसहा पौंड. जास्त दाब दिला तर चांगलं सीलही उलटतं. त्यामुळे हातपंपाचं हे हलकं साधन कॉम्प्रेसरपेक्षा सुरक्षित ठरतं.

पसरणीचा उतार टू-स्ट्रोकला आणखी एका कारणाने जड जातो. या इंजिनांना वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर. ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये घाट उतरत राहिलं, तर इंजिन वेगाने फिरतं आणि पेट्रोल जवळजवळ बंद असल्यामुळे ऑइलही पोहोचत नाही. म्हणून जुने लोक उतरताना मधूनमधून ॲक्सिलरेटर हलकासा पिळत. घाटातल्या गाडीचं बॅरल उघडलं आणि पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे चरे दिसले, तर ही सवय मोडली होती का, हे मालकाला जरूर विचारावं.

एवढं सगळं करूनही बोअरवर संशय कायम राहिला, तरच बॅरल काढायचं. ते काढल्यावर सगळ्यात आधी उजेडात धरून नुसतं बघावं. आतल्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा अजून दिसत असतील, तर हे बॅरल फार झिजलेलं नाही. रेषा जाऊन आरशासारखी झळाळी आली असेल, तर ऑइल तिथे थांबत नाही. मग वरच्या टोकापासून बोट आत सरकवावं आणि नखाने चाचपावं. वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते त्याच्या वर बोअर कधी झिजतच नाही. त्यामुळे जुन्या बॅरलमध्ये तिथे एक पायरी तयार होते. नख तिच्यावर अडखळलं, की झीज हाताला कळली. आकडा कळायचा बाकी असतो.

आकडा काढायला डायल बोअर गेज लागतो. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी गजनपिनच्या, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या दिशेने एकदा आणि तिच्या काटकोनात एकदा, अशी सहा मापं घेतात. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. जळणाऱ्या वायूचा दाब वर जास्त, म्हणून वर जास्त झिजतो. पिस्टन पुढे-मागे रेटला जातो, म्हणून त्या दिशेला लांबट होतो. गेज नसला तरी एका नव्या रिंगेने आणि फिलर गेजने काम भागतं. रिंग आधी खालच्या न झिजलेल्या भागात पिस्टनने ढकलून सरळ बसवायची आणि तोंडाची फट मोजायची. मग तीच रिंग वर आणून पुन्हा मोजायची. समजा खाली १४ थाऊ आणि वर ३० थाऊ आले. फरक १६ थाऊ. त्याला ३.१४ने भागलं की साधारण ५. म्हणजे वरचा व्यास खालच्यापेक्षा ५ थाऊंनी मोठा झालेला आहे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पाव मिलिमीटरचाही दहावा हिस्सा. शाळेतलं परिघाचं सूत्र इतक्या रोखठोक कामाला यावं, याचा आनंद कुठल्याही शिक्षकाला होईल.

एवढ्या काळजीने मोजायचं, कारण बोअर मारण्याच्या पायऱ्या मोजक्याच आहेत. बुलेटसाठी २०, ४०, ६० थाऊ मोठे पिस्टन मिळतात, जावाला पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्या आहेत. त्या संपल्या की बॅरलमध्ये नवी स्लीव्ह ठोकणं एवढंच उरतं. ज्या बॅरलला फक्त नवीन रिंगा आणि हलकं होनिंग पुरलं असतं, त्याला उगाच बोअर मारला तर पुढच्या पिढीच्या वाट्याची एक पायरी आजच खर्ची पडते. आणि खरोखर बोअर मारायचाच असेल, तर पिस्टन आधी हातात हवा. चांगला टर्नर पिस्टन मोजल्याशिवाय लेथ सुरू करत नाही. तो पिस्टन स्कर्टपाशी, गजनपिनच्या काटकोनात मोजतो आणि त्या पिस्टनपुरती फट सोडतो. नव्या रिंगांच्या तोंडाची फट दर इंच बोअरमागे तीन ते चार थाऊ, म्हणजे बुलेटसाठी ८ ते ११ थाऊ धरतात. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि ती बोअर खरवडते.

असे टर्नर या भागात मिळतात, ही शंभर वर्षांची कमाई आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली साताऱ्यात कारखाना काढला. तो लोखंडी नांगरापासून डिझेल इंजिनांपर्यंत पोहोचला, आणि हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर ओतकामापासून क्रँक ग्राइंडिंगपर्यंत सगळं एका हाकेच्या अंतरावर होतं. शेतातल्या पाण्याच्या इंजिनांनी या कारागिरांचे हात घडवले आणि मोटारसायकलला त्याचा आयता लाभ झाला. पाचगणीत होत नसलेलं लेथकाम वाई, सातारा किंवा कोल्हापूरला पाठवता येतं. ते पाठवताना बॅरलबरोबर पिस्टन आणि सहा मापांची चिठ्ठीही पाठवावी. चिठ्ठी पाहिली की टर्नरही दुप्पट लक्ष देतो.

बॅरल निघालेलंच असतं, तेव्हा क्रँकही बघून घ्यावा. पिस्टन वरच्या टोकाला आणून कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ वर-खाली ओढायचा. डावी-उजवीकडे थोडी हालचाल असतेच, तिला घाबरू नये. वर-खाली मात्र किंचितही खेळ जाणवता कामा नये. खेळ जाणवला आणि बुलेटचा क्रँक बाहेर काढायची वेळ आली, तर आधी एक लक्षात ठेवावं: त्याच्या टोकावरचा, ऑइल पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा असतो. हे न जाणता जोर लावल्याने किती क्रँकची टोकं मोडली असतील, देव जाणे.

आणखी एक तपासणी कागदावरची. इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का आणि तो मूळ कारखान्याने उठवलेला आहे का, हे सगळ्या कामाच्या आधी बघावं. नंबराखालची जागा घासलेली, अक्षरं वेडीवाकडी, असं दिसलं तर खर्च करण्याआधी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि तिच्या चासीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट आहे. म्हणजे भलत्याच गाडीची क्रँककेस बसवून इंजिन चालू केलं, तर गाडी धावेल, पण या नोंदणीच्या वाटेत अडचण उभी राहील.

काम झालेलं इंजिन पसरणीच्या घाटाला लगेच दाखवू नये. नव्या रिंगा बोअरशी जमवून घेतात त्या पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये, आणि त्यासाठी मध्यम, बदलता वेग लागतो. एकसारखा ताण नको आणि तासभर एकाच वेगाने चालणंही नको. पाचगणीतली गाडी यासाठी टेम्पोतून वाईला उतरवतात आणि वाई ते सुरूर फाट्याच्या सपाट रस्त्यावर चालवतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ऑइल बदलायचं, पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहायचं आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळायचे. टॅपेटची फटही तेव्हाच थंड इंजिनावर जुळवून घ्यायची, कारण नवं पॅकिंग दबलं की ती बदलते. पाचशे किलोमीटर झाले की हेच सगळं पुन्हा करायचं, आणि मग घाट मोकळा.